मोजताना हलणारं गाव

ज्वारी हुरड्यात आली की मला कुणी काही मोजायला सांगू नये. परवा शाळेतली पोरं शेत दाखवायला न्यायची म्हणून मी टेम्पोत बसवत होते आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होते. आमच्या शिक्रापूरच्या शाळेत निम्मी पोरं कंपन्यांत कामाला आलेल्या बाहेरगावच्या माणसांची. त्यातली पिंकी म्हणजे तोंडाळ कारटी. मोजून झालं तशी म्हणाली, "मॅडम, तुम्ही गिनती करताना अशा झुलता का? झोक्यावर बसल्यासारख्या?" टेम्पोभर हशा झाला. एका पठ्ठ्यानं लगेच करूनही दाखवलं, डावीकडे एक, उजवीकडे दोन. मी म्हटलं, "हसताय काय रे? न हलता आकडा येतो कुठं?"

बोलून गेले आणि माझी मलाच गंमत वाटली. हे वाक्य आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे आजेसासरे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचं बोलणं माझ्या तोंडात असं मुक्कामाला राहिलंय.

टेम्पो हायवेनं निघाला. ट्रकांच्या रांगा, धूळ, हॉर्न, आणि मधूनच 'हुरडा पार्टी'ची रंगीत पाटी. हुरडा खायला माणसांना पाटी वाचून जावं लागेल असं माझ्या लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर आमच्या सासूबाईंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गाडी रस्ता सोडून आत वळली, कुठूनतरी शेणीच्या आरात भाजलेल्या कणसाचा वास आला, आणि मी पोरांना काय सांगत होते तेच विसरले. कवठे येमाईतली ती सुगी आठवली. माझी मुक्ता तेव्हा झोळीतली होती आणि मी कुठल्याही डीएड कॉलेजात न शिकता मास्तरीण झाले होते.

माझं माहेर दौंडचं. लग्न होऊन कवठ्याला गेले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. सासर धनगराचं. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाणारं घराणं, आता विहीर, कांदा आणि ज्वारीवर स्थिरावलेलं. दावणीला दोन बैल आणि आप्पांच्या हट्टापायी राखलेली थोडी मेंढरं. नवरा रांजणगावच्या कंपनीत. पाळ्या बदलत्या म्हणून कारेगावात चौघांत मिळून खोली केलेली, सुट्टीला घरी यायचा. सासरे आधीच गेलेले. घरात मी, सासूबाई आणि आप्पा. सासूबाईंना मी आत्या म्हणायची.

पहिल्याच सुगीत खळ्यावर कडब्याच्या पेंढ्या मोजायला आप्पा आणि त्यांच्या वयाचे दोघं उभे राहिले. बघते तर तिघंही डुलायला लागले. तोंडानं पुटपुटतायत आणि अंग डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, तिघांचं एकाच ठेक्यात. मला वाटलं उन्हानं तिघांना एकदमच भोवळ आली. तांब्या घेऊन जी धावत सुटले! आप्पा थांबले, तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काय झालं, पोरी?"

"तुम्हाला चक्कर येतीय का, आप्पा?"

"चक्कर कशाची? मोजतुया न्हवं. हललं न्हाई तर आकडा कसा यील?"

इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मलाच माझी लाज वाटली. मग लक्ष ठेवलं. आत्या भाकरी मोजताना हलायच्या. पिठाच्या गिरणीतला माणूस पायल्या मोजताना हलायचा. देवळापुढं पारावर बसलेली म्हातारी माणसं तर पानाचे विडे मोजायचे असले तरी हलायची. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. जगात सगळीकडं असंच मोजतात अशी त्यांची पक्की समजूत. वर्षभरात मीही तशीच. बाळंतपणाला माहेरी गेले आणि दुपट्याच्या घड्या मोजताना आईनं मला बघितलं, तर तिनं आधी माझी दृष्ट काढली.

आप्पांचं आणखी एक खूळ होतं. झोपलेलं पोर त्यांना बघवायचं नाही. घरातलं असो नाहीतर शेजारचं, लेकरू गाढ झोपलं की हा माणूस हळूच जायचा आणि त्याच्या तळपायाला टिचकी मारायचा. लेकरू भोकाड पसरायचं, आणि आप्पा शांतपणे निघून जायचे. आत्या करवादायच्या, "मामंजी, आत्ता कुठं डोळा लागला हुता वो!" गावात त्यांना म्हणायचेच, झोपल्या पोराला उठवणारा म्हातारा. आम्ही हसायचो. माणसाच्या वागण्यावर आपण किती स्वस्तात हसतो!

मुक्ता झाली तेव्हा दौंडला आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहायच्या. नव्वदी गाठलेल्या. रेल्वेच्या फाटकाकडची ती खोली, भाची सांभाळायची. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची, कारण गल्लीतल्या निम्म्यांच्या आयांना त्यांनी शिकवलेलं. आई मुक्ताला त्यांच्या पाया पडायला घेऊन गेली. खाटेवर ताठ बसलेल्या, पांढरं पातळ, जाड चष्मा. लेकरू मांडीवर घेतलं आणि त्यांचा गुडघा आपोआप हलायला लागला.

"सासर कुठलं हिचं?"

"कवठे येमाई," मी म्हटलं.

गुडघा थांबला. बाहेर इंजिन शंटिंग करत होतं, डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येत राहिला. तो सरल्यावर बाईंनी विचारलं, "तिथली माणसं मोजताना अजून हलतात का गं?"

आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. आणि बाई एवढ्या खुदुखुदू हसल्या की चष्मा नाकावरून घसरला.

त्यांचे वडील रेल्वेत कोळसा टाकायच्या कामाला. लेकीला शिकवायचंच म्हणून लग्नानंतरही ती वयात येईपर्यंत त्यांनी तिला शाळेतून काढलं नव्हतं. सातवीची फायनल त्या काळी पास झालेली मुलगी म्हणजे आकाशातून पडलेली. नवरा गेला तेव्हा बाईंच्या पोटात मूल होतं. सासरचं दार बंद झालं. वडिलांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवून त्यांना नोकरी मिळवून दिली, आणि पोरवयाची ती विधवा कडेवर तान्हा मुलगा घेऊन बैलगाडीतून कवठ्यात उतरली. गाव बघायला जमलं. बाईमाणूस मास्तर, त्यात विधवा, त्यात कडेवर पोर! एका म्हातारीनं तर तोंडावरच विचारलं, "शाळा शिकवणार हायस का पाळणं म्हणणार हायस?"

"मी म्हटलं, दोन्ही," बाई सांगत होत्या.

शाळा येमाईच्या देवळाच्या ओवरीत भरायची. बाईंनी वरच्या तुळईला आपल्या जुन्या लुगड्याची झोळी टांगली, त्यात बाळाला घातलं, झोळीला दोरी बांधली आणि नियम केला. ज्याची पाढा म्हणायची पाळी, त्याच्या हातात दोरी. पाढ्याच्या ठेक्यावर झोका द्यायचा. पाढा बरोबर चालला तर झोका सरळ, बाळ शांत. आकडा अडला की हात अडतो, झोळीला हिसका बसतो, बाळ रडतं. बाळ रडलं की दोरी पुढच्याच्या हातात. छडी नावालाही नव्हती. वर्षाचंसुद्धा नसलेलं लेकरू सगळ्या शाळेची परीक्षा घेत होतं.

"आणि हळूहळू दोरी हातात नसली तरी पोरं हलायला लागली," बाई म्हणाल्या. "हिशेब विचारला की झोका. मला वाटलं, मोठी झाली की जाईल."

गेलं नव्हतं. बापांचं लेकांना लागलं, लेकांचं सुनांना. बाईंनी मुक्ताला परत माझ्या हातात दिलं. मी त्या हातांकडं बघतच राहिले. एका बाईनं, नोकरी आणि लेकरू दोन्ही सुटू नये म्हणून, कापडाची एक झोळी टांगली, आणि साठ-पासष्ट वर्षांनी सगळं गाव तिच्या झोक्यावर हलतंय! देवाला नमस्कार करताना डोळे मिटतात तसे माझे मिटले.

बाळाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

कवठ्याला परत आले तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर शाळा काढायची चालली होती. वस्ती सगळी आमच्याच भावकीची, मेंढरं राखणारी. गावातली शाळा लांब, वाटेत ओढा, लहान पोरं जाणार कशी? बारावी झालेलं कुणीतरी हवं होतं आणि त्या भागात तेवढी शिकलेली मी एकटीच. पत्र्याची शेड मिळाली, एक फळा मिळाला. कुणी आपल्याला बाई म्हणतंय हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं, कोण बाई आली म्हणून.

पण मुक्ता वरचं दूध तोंडात धरेना. मी शाळेत, ती घरी, आणि दुपारपर्यंत तिचं रडून रडून आन् माझं पोलकं भिजून पुरे व्हायचं. शेवटी आत्याच म्हणाल्या, "घिऊन जा बाई तिला. माझ्यानं सुगीची कामं व्हायची का हिचं रडणं ऐकायचं?" मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी शेडच्या लोखंडी आडव्याला लुगडं टांगलं, दोरी बांधली आणि वस्तीवरच्या पोरांना नियम सांगितला. काय सांगू! फळ्याकडं ढुंकून न बघणारी पोरं दोरीसाठी भांडायला लागली. बे एके बे, बे दुणे चार, पत्र्याखाली झोका चाललाय, मुक्ता डोळे मोठे करून बघतीय. मला वाटलं दौंडच्या खोलीतून बाई उठून इथं येऊन बसल्यात.

आणि एक दिवस आप्पा मेंढरं घेऊन तिकडून चालले होते. दारात उभे राहिले. मुक्ता झोळीत झोपलेली, एक पोरगं दोरी ओढत पाढा म्हणतंय. आप्पांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पहिल्यांदा बघितलं. आत आले, त्या पोराच्या हातातली दोरी काढून घेतली, मुक्ताला उचललं, जागं केलं, रडवलं, आणि तशी रडती छातीशी धरून घरी निघून गेले. मेंढरं तिथंच.

संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं. "एक तर शाळा, न्हाई तर पोर. दोन्ही एका आडव्याला टांगायची न्हाईत."

"आन् पोरगी घरात कुणी बघायची, मामंजी?" आत्या म्हणाल्या.

"तर मग शाळा ऱ्हाऊ दे. पाडव्यापर्यंत काय ते आवरा."

कारण विचारलं तर उठून मेंढरांकडं गेले. नवरा सुट्टीला आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आप्पांच्या शब्दापुढं आजवर माझा बाप बोलला न्हाई, मी काय बोलणार?" वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, "बाई, तुमी बंद केली तर आमची पोरं पुन्ना मेंढरामागं." माझ्याजागी दुसरं कुणी येणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला पोरांपेक्षाही माझं वाईट वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला जमेल असं काही सापडलं होतं. ते हातचं जाणार म्हणून मी चुलीपुढं बसून धुराच्या निमित्तानं रडून घ्यायची.

ज्वारी तेव्हा ऐन भरात. कणसं दुधाळ, टचटचीत. शेतात माळा बांधलेला, चार लाकडांवर फळ्या टाकून. त्यावर उभं राहून आप्पा गोफण फिरवून पाखरं हाकायचे. एका दुपारी त्यांची भाकर घेऊन मी गेले. मी डोक्यात राख घालूनच गेले होते. भाकर वर दिली आणि म्हटलं, "आप्पा, मी दौंडला बाईंना भेटले. झोळी टांगायची मला त्यांनीच शिकवलीय. तुम्ही स्वतः त्या झोळीवर शिकला आणि माझी तेवढी उतरवता?"

गोफण त्यांच्या हातातून खाली आली.

"बाई जित्या हायेत?"

"आहेत. खणखणीत आहेत."

आप्पा माळ्याच्या कडेला बसले. आणि मग, आयुष्यात कुणालाही न सांगितलेलं, त्यांनी नातसुनेला सांगितलं.

"त्या दिशी दोरी माझ्या हातात हुती. येकुणतीसचा पाढा. समद्यात अवघड. कुणालाच पुरा येत नव्हता, बाळ रडायचंच. त्या दिशी म्या सुरू केला, बाळ गप. पुढं गेलो, गप. दहापातुर गेलो तरी गप. पोरं वरडाया लागली, म्हाद्यानं जितलं! म्या शेफारलो. म्हनलं, परत म्हणून दावतो. आन् पुन्ना म्हनला. मग बाई उठल्या, झोळीत हात घातला, बाळाला उचललं आन् शाळा तशीच सोडून निघून गेल्या. दुसऱ्या दिशी कळलं, बाळ गेलं."

वाऱ्यानं ज्वारी सळसळत होती.

"ते झोपलं नव्हतं, पोरी. तापानं निपचित पडलं हुतं. आन् मी आपला दोरी वढतुया. वढतुया." त्यांनी हातानं ओढून दाखवलं. "म्या शाळंत पाय ठिवला न्हाई परत. मेंढरं घिऊन लांब निघून गेलो. त्यो पाढा बी तवापासनं तोंडातून काढला न्हाई. माझी शाळा अठ्ठाविसावर संपली."

पाखरांचा थवा उतरला होता आणि कणसांवर तुटून पडला होता. आप्पा बघत होते आणि त्यांना दिसत नव्हतं. मला सगळ्या गावातल्या लेकरांचे तळपाय आठवले, त्यांच्यावरच्या टिचक्या आठवल्या. हा माणूस साठ-सत्तर वर्षं लेकरांना जिवंत आहेत का म्हणून उठवत आला होता! मी खाली पडलेली गोफण उचलली, आयुष्यात कधी फिरवली नव्हती ती वेडीवाकडी फिरवली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. पाखरं उडाली. रडायला मला तेवढीच आडोशाची जागा मिळाली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. आप्पा, मी आणि मुक्ता. आप्पांनी नवं धोतर नेसलं, पागोटं बांधलं, उपरण्यात कोवळी कणसं बांधून घेतली. शिरूरला गाडी बदलली, न्हावऱ्यावरून दौंड. वाटेत मुक्ता माझ्या खांद्यावर झोपली की त्यांचं बोट तिच्या तळपायाकडं यायचं आणि मी कधी नव्हे ते त्यांना अडवलं नाही. कंडक्टर म्हणाला, "आवो, का रडवताय लेकराला?" मी म्हटलं, "रडू द्या, तुम्ही तिकीट द्या."

बाई खाटेवर तशाच ताठ बसल्या होत्या. आप्पा उंबऱ्यातच थांबले. पागोट्यासकट एवढा मोठा माणूस, पण दारात शाळेला उशीर झालेल्या पोरासारखा उभा.

"कोण आहे?"

"बाई, म्या म्हादू. कवठ्याचा. मेंढक्याचा."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "ये," म्हणाल्या. "फार उशीर केलास."

आप्पांनी कणसं त्यांच्या पायाशी ठेवली आणि तिथंच खाली बसले. बाईंनी एक कणीस उचललं, नाकाशी धरलं. दात नव्हते, खाता येणार नव्हतं. वास घेतच राहिल्या.

"सुगीच होती तेव्हाही," बाई म्हणाल्या. "ताप त्याला पहाटेपासून होता, म्हादू. मला ठाऊक होतं. घरी कुणापाशी ठेवणार? म्हणून घेऊन आले. सकाळपासून कण्हत होता. मांडीवर घेतला तरी कण्हत होता. तू पाढा सुरू केलास आणि त्याचं कण्हणं थांबलं. डोळा लागला. मी बघत होते ना! म्हणून तुला थांबवलं नाही. दुसऱ्यांदा म्हणालास तेव्हाही थांबवलं नाही. मनात म्हटलं, आणखी म्हण. संध्याकाळी माझ्या मांडीवर गेला. पण शेवटची सुखाची झोप त्याला तुझ्या हातून लागली. हे सांगायला मी तुला किती शोधला. दोनदा तुमच्या वाड्यावर, मेंढरांत आले. तुझी आई म्हणाली, पोरगं मेंढरांबरोबर लांब गेलंय." त्यांनी कणीस मांडीवर ठेवलं. "माझी त्या दिवशी दोन पोरं गेली. एक देवानं नेलं, दुसरं मेंढरांमागं गेलं."

आप्पांनी पागोटं काढून बाईंच्या पायाशी ठेवलं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. विचारलं, "आणि बाई, शाळा?"

"शाळा काय? सुतक संपलं, गेले. पोरं येऊन बसली होती. पाढे म्हणा म्हटलं तर कुणाच्या तोंडून आकडा निघेना. हात नुसते मांडीवर. त्यांना दोरीशिवाय येतच नव्हतं. घरी आले, तेच लुगडं परत नेलं, तुळईला टांगलं. रिकामी झोळी हलकी लागते, ठेका धरत नाही. मग सगळ्यांच्या पाट्या गोळा केल्या आणि आत घातल्या. वजन आलं. म्हटलं, धरा दोरी."

त्या खोलीत मी भिंतीला टेकले. डोंगर बघून, समुद्र बघून माणसाची छाती दडपते म्हणतात. माझी या एवढ्याशा म्हातारीपुढं दडपली. स्वतःचं लेकरू पुरल्यावर त्याच्याच झोळीत दुसऱ्यांच्या लेकरांच्या पाट्या घालून धरा दोरी म्हणायला काय काळीज लागत असेल! आणि त्या पाट्यांच्या झोक्यावर पुढची कितीतरी वर्षं कवठ्याची पोरं शिकली. पेंढ्या मोजणारं, भाकरी मोजणारं, विडे मोजणारं ते सगळं गाव आजही त्या झोक्यावरच हलत होतं, आणि कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याला भोवळ समजले होते ना? तांब्या घेऊन धावले होते!

बाईंनी वर बघितलं. छताला पाळण्याची कडी होती, भाचीच्या लेकरांच्या वेळची. "सुनंदा, झोळी बांध," मला म्हणाल्या. माझ्या पिशवीत लुगडं होतंच. भाचीनं स्टूल दिलं. झोळी टांगली, मुक्ताला आत घातलं, दोरी बांधली. बाईंनी दोरीचं टोक आप्पांपुढं धरलं.

"न्हाई, बाई."

"पाळी तुझी आहे, म्हादू. तू गेलास तेव्हा तुझीच होती. एकोणतीस."

शिक्षकाचा आवाज म्हातारा होत नाही. आप्पांनी दोरी धरली. झोळी जराशी हलली.

"येकुणतीस येके येकुणतीस."

मुक्ता गप्प. तिचे डोळे मिटायला आले होते. आप्पांची नजर झोळीवरून हलेना.

"येकुणतीस दुणे अठ्ठावन्न. येकुणतीस त्रिक... सत्त्याऐंशी."

मुक्ता गप्प. तिचे डोळे मिटले. आप्पांचा आवाज खोल गेला. कपाळावर घाम. मला वाटलं उठून तिला उचलून घ्यावं, आप्पांना सोडवावं. बाईंनी नुसता हात वर केला, थांब म्हणून.

"येकुणतीस चोक..."

आणि अडले. हात अडला. झोळीला चांगला हिसका बसला, आणि माझ्या लेकीनं असं भोकाड पसरलं की बाहेर रुळावर इंजिन होतं की नव्हतं कळेना.

"चुकलास!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "रडली. पुन्हा म्हण."

मी उठले तिला घ्यायला. आप्पांनी दोरी सोडली नव्हती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, दाढीचे खुंट भिजले होते, आणि तोंड हसत होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी मला मागं सारलं.

"ऱ्हाऊ दे पोरी, उचलू नगंस," म्हणाले. "रडू दे तिला. लई झ्याक रडतीया."